बडोद्यात केटामिनचे उपचार घेताना आम्हा दोघांचं काय काय झालं

२०२४ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत माझ्या नवऱ्याने नैराश्यावर केटामिनचे, म्हणजे भुलीसाठी वापरतात त्या औषधाचे, उपचार घेतले. त्या महिन्यांत रात्र रात्र मी मोबाइलवर शोधत बसायचे. औषधाबद्दल थोडंफार मिळालं, पण ज्याला ते देतात त्याच्या बायकोने किंवा नवऱ्याने कशाची तयारी ठेवायची, यावर मराठीत काही सापडलं नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. नवऱ्याने वाचलंय, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि मग 'टाक' म्हणाला.

सुरुवात २०२१ ची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सासरे गेले. दिवसकार्य उरकून नवरा मकरपुऱ्याच्या कंपनीत पुन्हा जायला लागला, पण घरी आला की कपडेही न बदलता पलंगाच्या कडेवर बसून राहायचा. वाढलं की जेवायचा, ताट उचलून ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. भांडण नाही, तक्रार नाही. सासूबाई म्हणायच्या, "वडिलांवर फार जीव होता गं, होईल हळूहळू." वर्षभर तसंच गेल्यावर आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. आधी एस्सिटॅलोप्राम, मग ते बंद करून व्हेनलाफॅक्सिन. दोन्ही भरपूर आठवडे, पूर्ण डोसमध्ये. झोप सुधारली, भूक आली. पण तो पूर्वीसारखा बोलका काही झाला नाही.

नवरा-बायकोतली जवळीक आजाराने आधीच आटली होती, ती गोळ्यांनी पार संपली. अशा गोळ्यांचा हा नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि लाजेपोटी त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या डॉक्टर मॅडम गुजराती. त्यांनी सरळ विचारलं. आम्ही दोघंही गप्प. तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं की बाहेर आल्यावर मी जिन्यातच रडले. तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारलं तर तुम्ही सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते.

२०२४ च्या उन्हाळ्यात एक वेगळाच विषय घरात शिरला. नवऱ्याचा कॉलेजचा मित्र बंगळुरूला असतो. त्याने फोनवर मॅजिक मशरूमबद्दल, म्हणजे नशा आणणाऱ्या अळंब्यांबद्दल, सांगितलं. तो आणि त्याची बायको डोंगरात कुठेतरी जाऊन ते खाऊन आले होते आणि 'आमचं लग्न वाचलं' असं त्याचं म्हणणं. नवरा रात्री त्याचेच व्हिडिओ बघायला लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला कशात तरी रस वाटत होता, त्यामुळे सुरुवातीला मी काही बोलले नाही. मग स्वतः वाचायला घेतलं.

या गोष्टी अगदीच हवेतल्या नाहीत. एमडीएमए या अशाच नशेच्या पदार्थावर अमेरिकेत १९८५ मध्ये बंदी आली, त्याआधी तिथले काही थेरपिस्ट जोडप्यांच्या समुपदेशनात ते वापरत होते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मनोविकारतज्ज्ञ दोन ठरावीक आजारांसाठी एमडीएमए आणि सायलोसायबिन, म्हणजे मशरूममधला घटक, लिहून देऊ शकतात. पण आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात एलएसडी, एमडीएमए, सायलोसायबिन तिन्ही येतात. जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. आणि मला कायद्याइतकीच दुसरी भीती होती. हा रोज गोळ्या घेतोय, वरून जंगलातलं कसलं तरी मशरूम खाणार, आणि रात्री काही झालं तर शेजारी मी एकटी.

मी त्याला म्हटलं, मित्राला हो म्हणायच्या आधी मॅडमना विचारू. तो कचरला, पण आला. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दोन औषधं नीट देऊनही आजार हटत नसेल तर आणखी उपाय आहेत. इसीटी, म्हणजे भूल देऊन विजेचे हलके झटके, आहे, आणि मनाला तसा वेगळा अनुभव देणारं, इथे कायद्याने देता येणारं औषध म्हणाल तर ते केटामिन. शास्त्राच्या दृष्टीने ते मशरूमच्या कुळातलं नाही. एलएसडी आणि सायलोसायबिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतात, केटामिन ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या. १९६२ मध्ये भुलीचं औषध म्हणून ते तयार झालं आणि ऑपरेशन थिएटरांत आजही रोज वापरलं जातं. नैराश्यावर त्याचा पहिला छोटा अभ्यास २००० साली आला. भुलीपेक्षा खूप कमी डोस देतात: किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटं, शिरेतून, हळूहळू.

इथून कागदपत्रं सुरू झाली. ती सविस्तर सांगते, कारण आमची सगळ्यात जास्त धावपळ इथेच झाली.

जुलैभर तपासण्या चालल्या. ईसीजी, सीबीसी, लिव्हर, किडनी, लघवी, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची नोंद. केटामिनने रक्तदाब काही वेळ चढतो, म्हणून ज्यांचा आधीच आटोक्यात नाही त्यांना देत नाहीत. घरात कुणाला भ्रम होणं, आवाज ऐकू येणं, उन्माद असं काही होतं का, हे मॅडमनी दोनदा विचारलं. एकदा त्याला आणि एकदा मला, वेगळं बसवून. झोपेच्या गोळीचंही आवर्जून सांगा, त्या जातीच्या काही गोळ्यांनी केटामिनचा असर कमी होऊ शकतो. तपासण्यांचे २,८०० रुपये झाले. उपचाराच्या प्रत्येक वेळचे ५,५००, त्यात दिवसभराची खाट आणि भूलतज्ज्ञांची फी धरून. औषधाची कुपी त्या मानाने स्वस्त असते, पैसे जातात ते देखरेखीचे. आणि ती देखरेख हवीच. केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, आहे, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. 'घरी येऊन देतो' असं कुणी म्हटलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

संमतीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की हे औषध भुलीसाठी मंजूर आहे, नैराश्यासाठी असं देणं हा डॉक्टरांचा निर्णय आहे आणि रुग्णाला तो मान्य आहे. सही करण्याआधी फॉर्म घरी न्यायला मागा. आम्हाला दिला, आणि आम्ही तो सासूबाईंनाही वाचून दाखवला.

दुसरा कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, आपल्याला निर्णय घेता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्याचं नाव रुग्णाला आधीच देऊन ठेवता येतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर सहीनिशी लिहिलं की पुरतं. नवऱ्याने मुलीच्या वहीचं पान फाडलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. माझं नाव, मग 'माझी पत्नी', मग थांबून थांबून पुढचं वाक्य: 'हिला माझं सगळं माहीत आहे.' कायद्याला त्या वाक्याची गरज नव्हती. तो कागद पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये सगळ्यात वर आहे.

पहिलं सलाईन ८ ऑगस्टला. पहिल्या वेळी एक रात्र ठेवून घेतात, असं आमच्या हॉस्पिटलने सांगितलं होतं. आधी सहा तास उपाशी. कानात लावायला स्वतःचं काही आणा म्हणाले होते, त्याने तानपुऱ्याचं ॲप घेतलं. शब्द नकोत म्हणाला. डोळ्यांवर पट्टी, बोटाला क्लिप, दंडाला रक्तदाबाचा पट्टा दर काही मिनिटांनी फुगतोय. मला खुर्ची दिली होती, पायाशी. दहाएक मिनिटांनी त्याचा उजवा हात खाटेच्या लोखंडी कडेवर आला आणि बोटं तिच्यावरून सावकाश पुढे-मागे फिरायला लागली, जणू ती कड त्याला पहिल्यांदाच सापडली होती. पट्टीखालून पाणी आलं आणि कानापर्यंत गेलं. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे बघत मला गुजरातीत म्हणाले, "चिंता ना करो बेन, बधू बराबर छे," सगळं ठीक आहे. मी त्याचा पाय धरून बसले. तो कुठे होता, मला माहीत नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि जिथे मला जाताच येत नाही अशा ठिकाणी तो माझ्या समोर गेला होता. हे मला फार लागलं. असं वाटणार हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

नंतर त्याने सांगितलं की त्याला वाड्यातला जुना जिना दिसला आणि वडिलांच्या चपलांचा आवाज आला. एवढंच. मी अजून विचारत राहिले, आणि तो थकला. त्या तासात प्रश्न विचारू नका. मळमळ असते, तोल जातो, जीभ जड होते. लिंबू-मीठ घातलेलं पाणी जवळ ठेवा. दुसऱ्या दिवसापर्यंत रुग्णाच्या हाती गाडी देऊ नका.

त्याच सुमारास बातमी आली की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, ९ ऑगस्टला एमडीएमएच्या थेरपीला मान्यता नाकारली. मग १५ ऑगस्टला 'फ्रेंड्स' मालिकेतला नट मॅथ्यू पेरी याच्या मृत्यूप्रकरणी अटका झाल्याची बातमी, आणि लगेच भावजींचा पुण्याहून फोन: "वहिनी, हेच औषध ना?" औषध हेच. पण पेरीच्या शवविच्छेदन अहवालात साफ म्हटलं होतं की शरीरात सापडलेलं केटामिन त्याच्या डॉक्टरी उपचारातलं नव्हतं, तो उपचार त्याआधी दीडेक आठवड्यापूर्वी झाला होता. हे मी भावजींना शांतपणे समजावलं, आणि फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. घरच्यांना आधीच सगळं सांगून ठेवा. बातमीतून कळलं की त्यांना तुम्ही काही लपवत होता असं वाटतं.

दुसऱ्या सलाईननंतर आम्ही रिक्षाने सामा भागातल्या आमच्या घरी यायला निघालो. वाटेत त्याने माझा हात धरला आणि बोलायला लागला. तीन वर्षांत मी काय काय केलं, हे त्याने एकेक सांगितलं. मुलीच्या शाळेच्या मीटिंगला एकटी गेले, त्याच्या ऑफिसात फोन करून खोटं सांगितलं, त्याच्या आईची डोळ्यांची ऑपरेशनं करवून घेतली. मला वाटत होतं त्याने यातलं काहीच पाहिलं नाही. त्याने सगळं पाहिलं होतं. घरी आल्यावर त्याने खिचडी-कढी मागून घेतली आणि आम्ही मुलीशेजारी बसून पत्ते खेळलो. रात्री तो माझ्याकडे तोंड करून झोपला.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा गप्प. या पडण्याची मला तयारी नव्हती. आधीच्या तीन वर्षांत मी काही अपेक्षाच ठेवत नव्हते, आता ठेवली होती. मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, एका डोसचा असर साधारण दिवसभरात वर जातो आणि काही दिवसांत ओसरतो, म्हणूनच आठवड्यातून दोनदा असं सहा वेळा द्यायचं असतं. आणि एक ताकीद दिली: सलाईननंतर दोन दिवस घरात कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, ना नोकरीचा, ना पैशाचा, ना नात्याचा. जे बोललं जाईल ते वहीत लिहायचं आणि आठवड्याने दोघांनी मिळून वाचायचं.

ती वही लवकरच कामाला आली. चौथ्या वेळेनंतर तो अगदी शांत आवाजात म्हणाला, "बाबांनी सांगितलं म्हणून मी तुझ्याशी लग्न केलं. माझं मन दुसरीकडे होतं." मी ते त्याच्यासमोर बसून लिहिलं. तारीख घातली. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले, आणि मळून झाल्यावरही मळतच राहिले. आठवड्याने आम्ही मानसशास्त्रज्ञांकडे, बाराशे रुपये एका बैठकीचे, ते पान उघडलं. त्यांनी त्याला विचारलं, हे आज खरं वाटतं का? तो बराच वेळ पानाकडे बघत होता. म्हणाला, "हो, खरं आहे. आणि लग्नाच्या पुढच्या वर्षी कमाटीबागेत हिने मला सांगितलं की हिचंही तसंच होतं. तेव्हापासून माझं मन हिच्यापाशी आहे. ते सांगायचं राहून गेलं." मला कमाटीबागेतली ती संध्याकाळ आठवत होती. त्याला आठवते हे मला ठाऊक नव्हतं. सलाईनमध्ये त्याच्या तोंडून अर्धं वाक्य आलं होतं, उरलेलं अर्धं यायला आठवडा लागला. मी पहिल्या अर्ध्यावरच आईकडे निघून गेले असते तर कुणी मला दोष दिला नसता.

सहावं सलाईन २६ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी होतं. ते झालंच नाही. त्या आठवड्यात बडोद्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती, आमच्या तळमजल्यात पाणी, वीज नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मगरींचे फोटो. आणि माझा नवरा, ज्याला तीन वर्षं पाण्याचा ग्लास भरून घेण्याची ताकद नव्हती, तो खालच्या मजल्यावरच्या शेजारच्या म्हाताऱ्या बांना पाठीवर घेऊन जिना चढला. दुधाच्या पिशव्या वाटल्या, इन्व्हर्टर वर आणला. सगळे त्याचं कौतुक करत होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही जिन्यातला गाळ काढत होतो. तो हसत शेजाऱ्यांना काहीतरी म्हणाला, आणि माझ्या हातातला झाडू मी भिंतीवर फेकला. "तीन वर्षं कुठे होतास? दुसऱ्यांच्या आईला उचलायला जोर आहे, माझ्यासाठी कधीच नव्हता?" आणखी बरंच बोलले, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. हा राग तीन वर्षं आत साठला होता. आजारी माणसावर तो काढता येत नव्हता. आता समोर बरा माणूस उभा होता. तो काही बोलला नाही. फावडं ठेवून पायरीवर बसला आणि मी थांबेपर्यंत ऐकत राहिला. उठून निघून गेला नाही, आत जाऊन झोपला नाही. पूर्वी तो हमखास गेला असता.

मानसशास्त्रज्ञ म्हणाल्या की हे त्या खूप घरांत पाहतात. रुग्ण सावरतो तेव्हा सांभाळणाऱ्याचा राग वर येतो, कारण आता तो काढला तरी समोरचा मोडणार नाही असं वाटतं. त्यानंतर माझ्या एकटीच्या बैठकाही सुरू झाल्या. उपचार ठरवतानाच तुमच्या स्वतःच्या बैठकांचे पैसेही हिशेबात धरा.

राहिलेलं सलाईन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं, ७ तारखेला गणपती बसले. आरतीला त्याने झांजा घेतल्या. पुढे तीन आठवड्यांनी एक, मग महिन्याने एक. प्रत्येक वेळी लघवीला जळजळ होते का, वारंवार जावं लागतं का, हे विचारतात. केटामिन खूप काळ, खूप प्रमाणात घेतलं तर मूत्राशयाला इजा होते.

आता जे सांगतेय ते दुरुस्त करायला नवऱ्याने सुचवलं नव्हतं, मीच दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. सलाईनच्या संध्याकाळची मी वाट पाहायला लागले होते. त्या संध्याकाळी तो मऊ असायचा, हात धरायचा, मनातलं आपणहून सांगायचा. ऑक्टोबरमध्ये नवरात्रात आम्ही गरबा बघायला गेलो, छान वेळ गेला, तरी परत येताना माझ्या मनात आलं की पुढचं सलाईन कधी आहे. नोव्हेंबरमध्ये तो मॅडमना म्हणाला, महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी दिलं तर? आणि मी शेजारी बसून मान डोलावत होते. मॅडमनी आधी त्याला आणि मग मला विचारलं, "आजारासाठी हवंय की त्या संध्याकाळसाठी?" मला बोलता आलं नाही. त्यांनी अंतर वाढवलं, आणि डिसेंबरमध्ये बंद केलं. गोळी चालू आहे, ती बदलून जवळिकीच्या इच्छेवर कमी परिणाम करणारी दिली आहे, आणि तिथेही फरक पडला आहे.

डिसेंबरनंतरचे पहिले काही आठवडे मला सुने गेले. तो बरा होता, कामावर जात होता, पण न विचारता बोलत नव्हता. मानसशास्त्रज्ञांनी घरी करायला एक काम दिलं: रात्री जेवणानंतर वहीची दोन पानं, एक त्याचं, एक माझं, औषधाशिवाय. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, 'आज कंपनीत ट्रान्सफॉर्मर जळला.' मी चिडले. आठवड्याभराने लिहिलं, 'गाळ काढताना तू जे बोललीस ते मला रोज आठवतं, आणि बरोबर होतं.' वही अजून चालू आहे. काही दिवशी ट्रान्सफॉर्मरच असतो.

राहिला विम्याचा विषय. विमा कंपनीने ऑक्टोबरमध्ये क्लेम नाकारला, कारण दिलं 'मानसिक आजार'. २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं, आणि आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना ते पाळायला सांगितलं आहे. हे लिहून आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला, मग 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवली. दाद लागली नसती तर अहमदाबादला विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. जानेवारीत पहिल्या वेळच्या, रात्रभर दाखल असण्याच्या खर्चाचे पैसे आले. बाकीची सलाईनं चोवीस तासांच्या आतली, त्यांचे नाही मिळाले. तुमच्या पॉलिसीत डे-केअर, म्हणजे रात्र न राहता घेतलेला उपचार, कसं लिहिलंय ते सुरू करण्याआधीच वाचा, आणि रोजचा केस पेपर व मॉनिटरच्या नोंदींची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. स्वतःचे कागद मिळणं हा त्याच कायद्याने रुग्णाचा हक्क आहे.

रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीतही बोलतात. पुराच्या त्या रात्री फोनला रेंज आली तेव्हा मी पहिला तोच लावला होता. विम्याच्या तक्रारीचा मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवून देईन.